सोनी २००-६०० : रंगीत पक्षी, अवघड उजेड आणि ६.३ चा बाऊ

सोनीच्या एफई २००-६०० मिमी एफ/५.६-६.३ जी ओएसएस या लेन्सबद्दल दोन मतं हमखास ऐकू येतात. सोनीचा कॅमेरा असेल तर पक्ष्यांसाठी डोळे झाकून हीच घ्या, हे एक. आणि उजेड कमी झाला की ती पिशवीत ठेवून द्या, हे दुसरं. दुसऱ्या मताला पुरावा म्हणून मळकट निळा खंड्या किंवा लाल डागासारखी दिसणारी मुनिया दाखवली जाते. पण अशा फोटोंत बिघाड बहुधा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या छिद्राच्या मापाचा, नसतो. प्रकाशाचा रंग, एक्स्पोजर आणि पक्षी कुठल्या कोनात बसलाय, यांनी रंग घालवलेला असतो. ६.३, म्हणजे ६०० मिमीला मिळणारं सगळ्यात मोठं छिद्र (एफचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान), खरोखर आडवं येतं अशीही परिस्थिती आहे, पण ती बरीच अरुंद आहे आणि आकड्यांत सांगता येते.

आधी लेन्स काय आहे ते थोडक्यात. २०१९ मध्ये आलेली ही लेन्स कॉलरचा (ट्रायपॉडवर बसवायच्या कड्याचा) पाय सोडून २,११५ ग्रॅम वजनाची आणि ३१८ मिमी लांबीची आहे. झूम आतल्या आत होतो, त्यामुळे २०० वरून ६०० वर गेलात तरी लांबी तेवढीच राहते आणि तोल जवळपास हलत नाही. गिंबल हेडवर (जड लेन्स तोलून धरणाऱ्या ट्रायपॉडच्या डोक्यावर) एकदा तोल साधला की दिवसभर परत हात लावायला नको. नळी पुढेमागे होत नसल्याने हवा आणि धूळ आत ओढली जात नाही, हा दमट हवेत काम करणाऱ्यांना दुसरा फायदा. झूमची रिंग मनगटाच्या एका वळणात या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. फांदीवरचा पक्षी अचानक उडून अंगावर येतो तेव्हा हे किती मोलाचं आहे ते कळतं. फिल्टरचा व्यास ९५ मिमी, अ‍ॅपर्चरला ११ पाती, जवळात जवळचं फोकस २.४ मीटरवर.

खोट शोधायची तर ती पायात आहे. कॉलरचा पाय आर्का-स्विस खाचेचा, म्हणजे ट्रायपॉडच्या हेडवर थेट सरकवून बसेल असा, नाही. सिग्मा आणि टॅमरॉन आपल्या लांब झूमना तशी खाच देतात, इथे मात्र वेगळी प्लेट लावा किंवा पायच बदला. प्लेट लावणार असाल तर एका स्क्रूवरची लावू नका, ती उभ्या फ्रेममध्ये हळूच फिरते. दोन स्क्रूची किंवा मागे आडकाठी असलेली घ्या.

आकड्यांचा हिशेब

एफ/५.६ हे फक्त झूमच्या सुरुवातीला मिळतं. ३०० मिमीच्या आसपास गेलं की एफ/६.३ सुरू होतं, आणि पक्ष्यांसाठी आपण बहुतेक वेळ ६०० वरच असतो. तेव्हा ही लेन्स एफ/६.३ चीच आहे असं धरून चाला.

लख्ख ऊन पाठीमागून असेल तर एफ/६.३, शटर १/२५०० सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; वाढवली की खरखर वाढते) ४००. उडत्या पक्ष्यालाही हे पुरतं. ढगाळ पण उजळ आभाळ असेल तर १/१६०० ला आयएसओ १६००. झाडाखालच्या मोकळ्या सावलीत १/२५० ला साधारण ४०००. घनदाट पानांखाली, पाचोळ्यात नवरंग उड्या मारत फिरतो तशा जागी, त्याच १/२५० ला १६,००० लागतं. शटर १/६० पर्यंत खाली आणलं तर ४,००० वर भागतं.

आता समजा हातात ६०० मिमी एफ/४ आहे. फरक सव्वा स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) थोडा जास्त, म्हणजे १६,००० च्या जागी ६,४००. आजच्या फुल-फ्रेम सेन्सरवर, रॉ फाइलला (सेन्सरच्या कच्च्या नोंदीला) चांगलं डीनॉईज, म्हणजे खरखर काढणारं सॉफ्टवेअर, लावल्यावर या दोन फाइलींतला फरक ओळखायला तज्ज्ञालाही मॉनिटरजवळ जावं लागतं. शिवाय १० मीटरवर ६०० मिमी आणि एफ/६.३ ला फोकसची खोली सुमारे १० सेंटिमीटर मिळते, एफ/४ ला साडेसहा. पाच मीटरवर हेच आकडे अडीच आणि पावणेदोन सेंटिमीटरच्या घरात येतात. डोळा धारदार पण खांद्यावरची पिसं लोण्यासारखी, असा फोटो एफ/४ वाल्यांकडे सर्रास दिसतो आणि त्याला कलात्मक म्हणायची पद्धत आहे.

६.३ खरंच नडतं ते गच्च सावली आणि सतत हलणारा पक्षी एकत्र आले की. त्या पाचोळ्यातल्या उजेडात १/१००० हवं असेल तर आयएसओ ६४,००० होतो. तिथे पिसांचे बारीक तंतू मरतात, डीनॉईज त्या जागी स्वतःच्या कल्पनेतले तंतू काढून देतं, आणि पिसाऱ्यावर कापडाची वीण दिसू लागते. एफ/४ वाला तेव्हा २५,६०० वर असतो, ज्यात अजून जीव असतो. असाच उजेड आणि असेच पक्षी हे तुमचं रोजचं काम असेल तर ही लेन्स तुमच्यासाठी नाही.

बाकीच्यांनी शटर खाली आणायला शिकावं. बसलेला पक्षी सतत हलत नाही. तो मान वळवतो, थांबतो, परत वळवतो. त्या थांब्यावर बर्स्ट (सलग फ्रेमची सर) सोडायचा. मोनोपॉड किंवा बीनबॅगवर, ओएसएस (लेन्समधलं कंप-नियंत्रण) चालू ठेवून १/१२५ ला आठ-दहा फ्रेम घेतल्या तर दोन-तीन धारदार निघतात. १/६० ला एखादी निघते, पण ती ४,००० ची असते. ओएसएसचे तीन मोड आहेत. बसलेल्या पक्ष्याला पहिला, आडव्या पॅनिंगला (पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवताना) दुसरा. तिसरा कुठेही भिरभिरणाऱ्या पक्ष्यासाठी आहे. त्यात व्ह्यूफाइंडर थोडा जास्त हलताना दिसतो म्हणून बिघाड समजू नका. पक्क्या ट्रायपॉडवर ओएसएस बंद ठेवा.

रंग कुठे हरवतो

खंड्याचा किंवा नीलपंखाचा निळा हा रंगद्रव्याचा नसतो. पिसातल्या अतिसूक्ष्म रचनेवरून निळे किरण परत फिरतात म्हणून तो निळा दिसतो. आता पक्षीफोटोवाल्यांची लाडकी वेळ घ्या. सूर्य नुकताच वर आलेला, उजेड ३,००० ते ३,५०० केल्विनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप), सोनेरी. त्या उजेडात निळे किरणच कमी. मग पीस परत काय पाठवणार? खंड्या राखाडी दिसतो. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची दुरुस्ती) थंड करून तो निळा करायला गेलं की निळा चॅनेल ओढून वर आणावा लागतो आणि पाठीवर निळी-जांभळी खरखर उमटते. ती खरखर आयएसओची समजून लेन्सला शिव्या दिल्या जातात. तोच पक्षी सूर्य थोडा वर चढल्यावर मोकळ्या सावलीत, निळ्या आभाळाच्या उजेडात घ्या. आयएसओ दुप्पट असूनही निळा भरघोस येतो. पातळ ढगांचं आभाळ तर त्याहून उत्तम.

पिवळ्या-लालचं गणित बरोबर उलटं आहे. हळद्याचा पिवळा आणि मुनियाचा लाल हे द्रव्याचे रंग आहेत, आणि सोनेरी उजेडात ते इतके पेटतात की लाल चॅनेल भरून सांडतो. छातीवरची पिसं दिसतच नाहीत, नुसता लाल पॅच. शूट करताना हे लक्षात येत नाही, कारण सोनीच्या लाइव्ह हिस्टोग्राममध्ये (शूट करताना दिसणाऱ्या आलेखात) फक्त एकूण उजळपणा असतो. त्या हिशेबात लालचा वाटा जेमतेम पाव आणि निळ्याचा त्याहून कमी, त्यामुळे लाल काठोकाठ भरला तरी आलेख मधेच निवांत बसलेला दिसतो. एक फ्रेम घ्या, प्लेबॅकमध्ये जाऊन तिन्ही रंगांचे वेगळे हिस्टोग्राम उघडा. लाल उजव्या भिंतीला चिकटला असेल तर एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश स्टॉप खाली या. त्याहून जास्त नको, नाहीतर काळ्या पंखातला तपशील नॉईजमध्ये जातो. हे आलेख कॅमेऱ्याने तयार केलेल्या जेपेगचे असतात. रॉमध्ये थोडी जागा जास्त असते, पण तिच्या भरवशावर राहू नका.

शिंजीर हा तिसरा प्रकार. त्याची चमक कोनावर अवलंबून असते. उजेड तुमच्या पाठीमागून येत असेल आणि पक्ष्याने मान तुमच्याकडे केली असेल तर गळा जांभळा-हिरवा पेटतो. मान पंधरा-वीस अंश वळली की तोच गळा कोळशासारखा. अडचण अशी की कॅमेऱ्याचं मीटरिंग काळ्या अवस्थेत एक्स्पोजर वाढवतं आणि चमक नेमकी त्या फ्रेममध्ये फुटते, म्हणजे पांढरी होऊन तपशील जातो. म्हणून इथे ऑटो अजिबात नको. त्याच उजेडातल्या मध्यम हिरव्या पानावर एक्स्पोजर मोजा, मॅन्युअलला बांधून टाका आणि मान वळायची वाट बघा. शिंजीर साधारण १० सेंटिमीटरचा. या लेन्सचं कमाल मॅग्निफिकेशन ०.२ असल्याने अगदी जवळून तो सेन्सरवर २० मिमी भरतो, म्हणजे फुल-फ्रेमच्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त. क्रॉपची गरज उरत नाही. जवळच्या अंतरावर प्रत्यक्ष फोकल लांबी ६०० पेक्षा बरीच कमी होते, पण ०.२ मध्ये ते आधीच धरलेलं आहे.

पानांखालचा उजेड हिरवा असतो हे डोळ्यांना कळत नाही, कारण मेंदू ते दुरुस्त करून घेतो. कॅमेरा करत नाही. स्वर्गीय नर्तकाच्या पांढऱ्या शेपटीवर हा हिरवेपणा लगेच उघडा पडतो. ऑटो व्हाइट बॅलन्स दर फ्रेमला वेगळा निर्णय घेतो, एकाच बर्स्टमध्ये शेपटी हिरवट, पिवळट, परत हिरवट. ५,२०० किंवा ५,५०० केल्विनला पक्का करून ठेवा आणि दुरुस्ती घरी एकदाच करा. टिंट (हिरवा-मॅजेंटा तोल) मॅजेंटाकडे १० ते २० सरकवला की बहुतेक वेळा पुरतं. तो फक्त पक्ष्याच्या मास्कवर (सॉफ्टवेअरमध्ये निवडलेल्या भागावर) सरकवा. सगळ्या फ्रेमवर सरकवला तर मागचं जंगल वाळलेलं दिसतं.

समोरून येणारा उजेड

आभाळाच्या पार्श्वभूमीवर शेंड्यावर बसलेला पक्षी. कॅमेरा पांढरं आभाळ बघून एक्स्पोजर खाली ओढतो आणि वेडा राघू काळा राघू होतो. एक्स्पोजर +१⅓ ते +२ स्टॉपपर्यंत वाढवा, आभाळ फुटलं तर फुटू दे. खाली ठेवून नंतर सावल्या उचलायचा सल्ला बरेच जण देतात. तो रंगीत पक्ष्यांना लागू पडत नाही. सावलीतून उचललेला हिरवा नेहमी मातकट येतो, कारण तिथे रंगाची माहितीच थोडी नोंदलेली असते.

समोरच्या उजेडात या लेन्सचं कोटिंग चांगलं वागतं, कॉन्ट्रास्ट टिकतो. पुढच्या काचेवर बोटाचा एक ठसा असला तर मात्र नाही. पाठीमागून उजेड असताना तो ठसा दिसतही नाही, समोरून आला की सगळ्या फ्रेमवर दुधाळ पडदा. फ्लोरीन कोटिंगमुळे पुसायला सोपं जातं. आधी ब्लोअर, मग कापड, हा क्रम मोडू नका.

पोलरायझरचा (चकाकी कमी करणाऱ्या फिल्टरचा) विचार सोडून द्या. ओल्या पानांवरची चकाकी तो मारतो हे खरं, पण दीड स्टॉपच्या आसपास उजेड खातो, आणि इथे आपण एकेका तृतीयांशासाठी भांडतोय. १.४ च्या टेलिकन्व्हर्टरचंही (फोकल लांबी वाढवणाऱ्या जोड-लेन्सचंही) तसंच. ८४० मिमी एफ/९ हे भर उन्हातलं काम आहे.

फोकस

फोकस मोटर जलद आणि जवळपास निःशब्द आहे. अवघड उजेडात लेन्स फोकस शोधत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेली तर परत येईपर्यंत पक्षी गेलेला असतो, म्हणून बाजूचा लिमिटर (फोकसचं अंतर मर्यादित करणारं बटण) वापरा. पूर्ण, १० मीटर ते अनंत आणि २.४ ते १० मीटर अशा तीन जागा आहेत. लांबच्या पक्ष्यांसाठी लावलेला लिमिटर विसरला जातो आणि मग आठ मीटरवर येऊन बसलेल्या पक्ष्यावर लेन्स काही केल्या फोकस करत नाही. लेन्स बिघडली असं वाटलं की पहिलं ते बटण बघा.

पक्ष्याचा डोळा ओळखणारं फोकस ए७आर ५, ए६७०० किंवा त्यानंतरच्या कॅमेऱ्यांवर फारच भरवशाचं आहे. पण काळ्या डोक्यातला काळा डोळा त्यालाही सावलीत सापडत नाही. कोतवाल, सावलीतला शिंजीर, ही नेहमीची गिऱ्हाइकं. नळीवर तीन फोकस-होल्ड बटणं आहेत. त्यांना कॅमेऱ्याच्या मेनूतून लहान स्पॉट फोकसचं काम द्या. डोळा सापडला नाही तर डाव्या अंगठ्याने बटण दाबून छातीच्या काठावर, जिथे दोन रंग भेटतात तिथे, फोकस घ्यायचा. एकरंगी जागेवर फोकस घसरतो, काठावर धरतो. पानांच्या जाळीतही हीच युक्ती.

उडत्या पक्ष्यांना सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर लावताना सेन्सर कुठला आहे ते बघा. ए१ किंवा ए९ मालिकेवर निर्धास्त लावा. ए७आर ५ वर सेन्सरचं वाचन संथ असल्याने पंख वाकडे येतात, तिथे मेकॅनिकलच.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट: हवा. ऊन तापलं की जमिनीवरून वर येणारी गरम हवा ६०० मिमीला सगळं लिबलिबीत करते. बर्स्टमधल्या एका फ्रेममध्ये डोळा ठीक, पुढच्या तीनमध्ये पसरलेला, आणि शटर १/३२०० असूनही हे होतं. ही खूण लक्षात ठेवा. लेन्सचा दोष असेल तर सगळ्या फ्रेम सारख्याच बिघडतात. गार केबिनच्या गाडीतून खिडकी उघडून काढलेल्या फोटोंनाही हाच रोग होतो, कारण खिडकीतच गार-गरम हवा मिसळते. काचा उघडून एसी बंद करा, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. यावर सॉफ्टवेअरचा उपाय नाही. अंतर कमी करा किंवा ऊन उतरू द्या.

फाइल घरी आल्यावर

डीनॉईज पहिलं, रंग नंतर. निळसर-हिरवट रंगांना सॅच्युरेशन देताना हात आखडता घ्या. खंड्याच्या पाठीचा झळझळीत फिरोजी एसआरजीबीच्या (वेबवरच्या नेहमीच्या रंगपटाच्या) हद्दीबाहेर जातो आणि एक्स्पोर्ट केल्यावर सपाट होतो. त्या रंगाची ल्युमिनन्स (उजळपणा) थोडी उतरवली की पिसांच्या रेषा परत दिसू लागतात. सॅच्युरेशन वाढवून जे मिळवायला बघतो ते बहुधा इथेच मिळतं.

दुसरे पर्याय आणि जुनी घेताना

सिग्माची १५०-६०० स्पोर्ट्स याच वजनाची आहे, धारही तोडीची, पण झूम करताना लांबते. टॅमरॉनची १५०-५०० कॉलरशिवाय १,७२५ ग्रॅम, पायी फिरणाऱ्यांना बरी, मात्र टोकाला एफ/६.७. दोन्ही सोनीच्या कॅमेऱ्यांवर सेकंदाला १५ फ्रेमच्या वर जात नाहीत. सोनीचीच २०२५ मधली ४००-८०० टोकाला एफ/८ आहे, ती या लेखातल्या उजेडासाठी नव्हेच. सावलीतलं काम जास्त आणि खर्चाची तयारी असेल तर ३०० मिमी एफ/२.८ जीएम बघा. १,४७० ग्रॅम, २ च्या कन्व्हर्टरवर ६०० एफ/५.६, आणि लपणात बसून जवळचे पक्षी घेताना कन्व्हर्टर काढला की २००-६०० च्या एफ/६.३ पेक्षा सव्वादोन स्टॉप जास्त उजेड.

वापरलेली २००-६०० घेत असाल तर दोन्ही बाजूंनी टॉर्च मारून बुरशीचे कोळ्यासारखे धागे आहेत का बघा. झूम रिंग मधेच अडखळते का, कॉलरचा स्क्रू घट्ट केल्यावर लेन्स हलते का, तेही तपासा. मग ६०० वर, एफ/६.३ ला, १० मीटरवरच्या छापील कागदाचा आणि शंभरेक मीटरवरच्या एखाद्या पाटीचा फोटो काढा. डावी-उजवी बाजू सारखी धारदार यायला हवी. ही चाचणी सकाळी गारव्यात करा, दुपारी केलीत तर चांगली लेन्सही नापास होईल.